परदेशी फळांची रायवळ झाडं

हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. कोयीतून उगवतो तो रायवळ. तो गोड निघेल, आंबट निघेल, नुसत्या धाग्यांचा निघेल, किंवा घरातली सगळी माणसं वर्षभर त्याचीच वाट बघतील इतका चांगलाही निघेल. पण तो हापूस नसेल. हापूस हवा तर कलमच आणावं लागतं. ही समजूत आपल्यात इतकी मुरलेली आहे की हे शास्त्र आहे असंही आपल्याला वाटत नाही. आणि तरीही बाजारातून अ‍ॅव्होकॅडो आणला, त्याच्या बीला चार काड्या टोचून ती पाण्याच्या ग्लासावर ठेवली, तिला कोंब फुटला, की आपण हे सगळं विसरतो. दुकानात मिळालं तसंच फळ आपल्या कुंडीत किती वर्षांनी लागेल, याची गणितं सुरू होतात.

मी पुण्यात, गच्चीवरच्या कुंड्यांत, गेली काही वर्षं अशी झाडं वाढवते आहे. त्यातल्या पॅशन फ्रूटच्या वेलानं मला भरभरून फळं दिली. अ‍ॅव्होकॅडो माझ्या डोक्याच्या वर गेलाय, अजून एकही फूल नाही. किवीची रोपं तीन उन्हाळ्यांत संपली. रामबुतानच्या पहिल्या खेपेच्या बिया उगवल्याच नाहीत, कारण मी त्या नीट वाळवून, जपून, डबीत ठेवल्या होत्या. जपल्यामुळेच त्या मेल्या. प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा असतो आणि तो आधी कळला तर बरीचशी निराशा टळते, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपण खातो तो फळाचा गर सर्वस्वी आईच्या झाडाचा असतो. कुठल्याही झाडाचे परागकण येऊन फलन झालं तरी हापूसच्या झाडावरच्या आंब्याचा रस हापूसचाच लागतो. बी मात्र आई आणि बाप या दोघांची असते, आणि बाप कोण हे मधमाशीला किंवा माशीला ठाऊक. शिवाय आंबा, अ‍ॅव्होकॅडो, सफरचंद यांच्यासारख्या झाडांत आईचे गुणसुद्धा बीमध्ये जसेच्या तसे उतरत नाहीत. पत्ते पिसावेत तसे ते प्रत्येक बीमध्ये नव्यानं पिसले जातात. म्हणजे जी चव आवडली म्हणून आपण बी जपून ठेवली, ती चव गरात होती. बीमध्ये तिच्या काही खुणा असतील इतकंच.

आज जगाच्या बाजारात विकला जाणारा बहुतांश अ‍ॅव्होकॅडो 'हास' या एकाच जातीचा आहे. जाड, खरबरीत, पिकल्यावर काळपट होणाऱ्या सालीचा तो हाच. या जातीचा इतिहास म्हणजे एका बीचा इतिहास आहे. रुडॉल्फ हास हे कॅलिफोर्नियात टपाल वाटणारे गृहस्थ. लॉस एंजेलिसजवळच्या ला हाब्रा हाइट्स इथं त्यांनी थोडी जमीन घेतली आणि १९२६च्या सुमारास विकत आणलेल्या बियांपासून अ‍ॅव्होकॅडोची रोपं केली. त्यांना त्या रोपांची फळं नको होती. रोपं हवी होती खुंट म्हणून, त्यांवर त्या काळच्या नावाजलेल्या 'फुएर्ते' जातीची कलमं बांधायला. एका रोपावर कलम धरेना. पुन्हा बांधलं, तरी धरेना. कलम बांधणाऱ्या जाणत्या माणसानं रोप दणकट आहे, राहू द्या असं सुचवलं आणि ते राहिलं. पुढं त्याला आलेली फळं घरच्या मुलांना इतकी आवडली की हास यांनी त्या झाडाकडं नीट पाहिलं. १९३५मध्ये त्यांनी त्या जातीचं पेटंट घेतलं. जगभरातली हासची सगळी झाडं त्या एका झाडाच्या काड्यांपासून, आणि त्या काड्यांच्या काड्यांपासून बांधलेली कलमं आहेत. मूळ झाड मुळं कुजण्याच्या रोगानं खंगत गेलं आणि २००२मध्ये ते तोडावं लागलं.

म्हणजे हास हा कॅलिफोर्नियाचा रायवळच. आपला हापूसही मुळात कुठल्या तरी कोयीतून आलेलं एकच झाड होतं, ते कुणाच्या तरी जिभेला आवडलं आणि गोव्या-कोकणातल्या कलमांनी ते पसरवलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, तोही शेवटी कोयी पेरून, उगवलेल्या झाडांतून निवडूनच. फरक इतकाच की तिथं शेकडो रोपं वाढवायला जागा, माणसं आणि वर्षं असतात. आपल्याकडं एक कुंडी असते. त्या एका कुंडीत नवा हास उगवण्याची शक्यता फार कमी, पण शून्य नाही.

बीच्या अ‍ॅव्होकॅडोला फळ धरायला पाच वर्षं लागू शकतात, पंधराही लागू शकतात. कलमाला तीन-चार पुरतात. म्हणून मी सुचवते तो मार्ग हास यांच्या मूळ बेताचाच आहे. बीपासून दणकट रोप करा, त्याचं खोड पेन्सिलीइतकं जाड झालं की चांगल्या रोपवाटिकेतून फळ देणाऱ्या झाडाची काडी मिळवा आणि पाचर कलम करून घ्या. आंब्याची कलमं बांधणारा कुणीही माळी हे करू शकेल. झाडाची मुळं तुमच्या बीची राहतील, फळ हव्या त्या जातीचं येईल. आणि कलम धरलंच नाही, तर रायवळ आहेच.

आता बी पेरण्याकडं वळू. इथंच बहुतेकांचा पहिला घात होतो.

लहानपणापासून आपल्याला बी म्हणजे वाळवून ठेवायची वस्तू असंच ठाऊक असतं. ज्वारी, हरभरा, भेंडी, दुधी, सगळ्यांचं बियाणं वाळवूनच टिकतं. पण जिथं बारा महिने पाऊस आणि ऊब असते त्या जंगलांतल्या झाडांना बी राखून ठेवण्याची गरजच पडली नाही. फळ खाली पडलं की बी लगेच रुजते. अशा बियांना वाळणं सोसत नाही. आतलं पाणी एका मर्यादेखाली गेलं की गर्भ मरतो आणि मग कितीही भिजवलं तरी तो उठत नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३मध्ये अशा बियांना 'रिकॅल्सिट्रंट' असं नाव दिलं. न ऐकणाऱ्या, हट्टी बिया. आंबा, फणस, लिची, रामबुतान, मँगोस्टीन आणि अ‍ॅव्होकॅडो हे सगळे या हट्टी घराण्यातले. फणसाच्या आठळ्या आपण वाळूत पुरून ठेवतो. त्या लवकर वाळू नयेत हाच त्यामागचा हिशोब.

तर अ‍ॅव्होकॅडो कापल्यावर सुरीचं पातं बीला लागू देऊ नका. बी धुवा, हातानं सहज निघेल तेवढी वरची तपकिरी साल काढा, त्यानं रुजणं थोडं लवकर होतं. आणि त्याच दिवशी पेरा. रुंद बाजू खाली, निमुळतं टोक वर, वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर. काड्या टोचून ग्लासावर ठेवण्याची पद्धत मुलांना मुळं दाखवायला उत्तम आहे. पण पाण्यात वाढलेली मुळं मातीत रुळायला वेळ घेतात, आणि ग्लासातून कुंडीत नेताना त्यांतली बरीचशी मोडतात. मी थेट मातीच्या बाजूची आहे. तीन ते आठ आठवडे लागतात. मध्येच बी उभी चिरते, दोन्ही दळं वेगळी दिसू लागतात आणि आपल्याला वाटतं की कुजली. कुजलेली नसते. आधी त्या चिरेतून सोटमूळ खाली जातं, कोंब नंतर वर येतो.

अ‍ॅव्होकॅडो हे दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातलं झाड. पानं चुरगळली की ते नातं काही वाणांत नाकालाही कळतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या निचऱ्याच्या जमिनींत वाढलेल्या या झाडाला पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. हासचं मूळ झाड ज्या प्रकारच्या रोगानं गेलं, तो ओल्या, दमट मातीतच बळावतो. म्हणून कुंडीला भोकं भरपूर हवीत, मिश्रण भुसभुशीत हवं, आणि आपल्याकडची निव्वळ काळी माती टाळावी. काळ्या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त असेल तर पानं शिरांमधून पिवळी पडतात, कारण झाडाला लोह उचलता येत नाही. बोअरचं खारट पाणी दिलं की पानांची टोकं करपतात. माझ्या झाडाला पावसाचं पाणी मिळतं तेव्हा त्याचा हिरवेपणा वेगळाच असतो. एक सूचना गावाकडच्या वाचकांसाठी: छाटलेली पानं शेळ्यांना, गुरांना किंवा पिंजऱ्यातल्या पोपटाला घालू नका. त्यांत जनावरांना आणि पाखरांना बाधणारं विष असतं.

लिची आणि रामबुतान यांच्या बाबतीत तर दिवस मोजावे लागतात. गरातून काढून उघडी ठेवलेली लिचीची बी चार-पाच दिवसांत निकामी होते. फळ खाल्लं की बी धुवायची, ओल्या कोकोपीटमध्ये आडवी ठेवायची आणि फ्रिजपासून लांब ठेवायची. या उष्ण प्रदेशातल्या बियांना थंडीही मारते. शीतगृहात बराच काळ राहिलेल्या फळाची बी म्हणूनच कधी कधी उगवत नाही, आणि त्यात पेरणाऱ्याचा काही दोष नसतो. केरळातून येणारा रामबुतान जुलैपासून मुंबई-पुण्याच्या बाजारात दिसतो, त्यातल्या त्यात ताज्या, लालबुंद, केस न सुकलेल्या फळाची बी निवडावी. केस म्हणायचं कारण, मलय भाषेत 'रामबुत' म्हणजेच केस. उगवल्यावर मात्र एक मेख राहतेच. बीपासून केलेल्या रामबुतानात अनेक झाडं नर निघतात आणि ती कधीच फळत नाहीत.

कोकणातल्या माणसाला हेही नवीन नाही. रातांब्याचं रोप बीपासून लावलं तर ते नर निघेल की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर वर्षं गेलेली असतात. म्हणून हल्ली कोकमाचीही कलमं लावतात. मँगोस्टीन हा या रातांब्याचा सख्खा भाऊबंद. दोघंही 'गार्सिनिया' घराण्यातले, फळ फोडलं की आतल्या पांढऱ्या पाकळ्या आणि बाहेरची जाड जांभळी साल बघून ते पटतं. पण मँगोस्टीनचा स्वभाव अगदी उलटा आहे. त्याची बी फलनाशिवायच तयार होते. बाप नाहीच. त्यामुळे उगवलेलं रोप आईसारखंच असतं आणि ते नर निघण्याचा प्रश्न येत नाही. दुकानातल्या फळासारखंच फळ बीपासून मिळण्याची खात्री देणाऱ्या मोजक्या झाडांपैकी हे एक. त्यासाठी किंमत मोजावी लागते ती वेळाची: आठ-दहा वर्षं, कित्येकदा त्याहून जास्त, आणि पहिली काही वर्षं सावली आणि कायम दमट हवा. पुण्यात मी याचा नाद केला नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात, ज्यांच्या परसात पोफळीची सावली आहे, त्यांनी जरूर करावा.

आईची हुबेहूब नक्कल बीतून मिळण्याचं दुसरं उदाहरण तर आपल्या स्वयंपाकघरात रोज असतं. कागदी लिंबाची बी सोलून नखानं हलकेच उघडा. आत एकापेक्षा जास्त हिरवट गर्भ दिसतील. ती पेरली तर एका बीतून दोन-तीन कोंब येतात. त्यांतला एखादा फलनातून आलेला असतो, बाकीचे आईच्याच पेशींतून बनलेले. नागपूर संत्र्याच्या बागा ज्यांवर उभ्या आहेत ते जंबेरी आणि रंगपूर लिंबाचे खुंट रोपवाटिकांत बियांपासूनच करतात, ते याच गुणामुळे. हजारो रोपं केली तरी ती एकसारखी निघतात आणि मग त्यांवर संत्र्याचे डोळे भरता येतात. व्हॅलेन्शिया जातीच्या गोड संत्र्याच्या बियाही अशाच. पपनस मात्र या कुटुंबातला अपवाद. त्याच्या बीमध्ये एकच गर्भ असतो, दोघांच्या मिश्रणाचा, म्हणजे पपनसाचंही प्रत्येक रोप रायवळ. एका बीतून अनेक कोंब आले तर जोमदार आणि एकमेकांसारखे दिसणारे ठेवावेत, वेगळा दिसणारा काढावा. संत्रं-लिंबू बीपासून फळायला पाचेक वर्षं घेतं आणि त्याला काटे फार येतात, ही तयारी ठेवूनच सुरुवात करावी.

आता ज्याची मी मनापासून शिफारस करते ते फळ. पॅशन फ्रूट.

आपलं कृष्णकमळ आणि पॅशन फ्रूट एकाच घराण्यातले वेल. फूल पाहिलं की शंकाच उरत नाही. आपल्याकडं त्या फुलाच्या झालरीतल्या तंतूंत शंभर कौरव पाहतात, पाच पुंकेसरांत पांडव आणि वरच्या तीन कुक्षींत ब्रह्मा, विष्णू, महेश. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्याच फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले. 'पॅशन' हे नाव तिथून आलं. तो शब्द ख्रिस्तानं सोसलेल्या यातनांसाठीचा आहे, प्रेमाशी त्याचा संबंध नाही. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता त्याच पाच आणि तीनला आपापली कथा जोडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बी तयार करायची पद्धत सोपी आहे. साल सुरकुतलेलं, पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गर बियांसकट वाटीत काढून दोन-तीन दिवस झाकून ठेवा, तो थोडा आंबला की चाळणीत चोळून धुवा. बीभोवतीच्या त्या बुळबुळीत पिशवीत रुजणं रोखून धरणारी द्रव्यं असतात. फळाच्या आतच बी रुजू नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. ताजी धुतलेली बी अर्धा इंच खोल पेरली तर दोन ते चार आठवड्यांत उगवते. जुनी, वाळलेली बी दीड-दोन महिनेही घेते. वीतभर झालेली रोपं मोठ्या ग्रो बॅगमध्ये लावा आणि वर चढायला जाळी किंवा दोऱ्या द्या. हा वेल खातो खूप, म्हणून शेणखत आणि गांडूळखत हात आखडून देऊ नका. सगळं नीट जमलं तर साधारण बारा ते अठरा महिन्यांत फळ धरतं.

जांभळ्या सालीचं फळ थंड डोंगराळ भागात जास्त खुलतं, पिवळ्या सालीचं उष्ण, सखल भागात. कोकणपट्टीत पिवळंच लावावं. पण पिवळ्याचं फूल बहुधा आपल्याच वेलाच्या परागानं फळत नाही. वेगवेगळ्या बियांचे दोन-तीन वेल हवेत. इथं बीपासून वाढवणाऱ्याचा फायदाच होतो, कारण प्रत्येक बी वेगळी. पराग वाहून नेणारा इथला खरा कारागीर म्हणजे लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा. कुक्षी इतक्या उंच असतात की लहान मधमाशी पराग गोळा करून त्यांना न शिवताच निघून जाते, भुंग्याची पाठ मात्र बरोबर टेकते. भुंगे येत नसतील तर हे काम आपण बोटानं करायचं. जांभळ्याचं फूल सकाळी लवकर उमलतं, पिवळ्याचं दुपारी बाराच्या आसपास. एकाच दिवसाचं आयुष्य असतं त्याचं, तेवढ्यात एका वेलाचा पिवळा पराग दुसऱ्या वेलाच्या तिन्ही कुक्षींना लावायचा. माझ्या वेलावर नारिंगी टॉनी कोस्टर फुलपाखराचे काटेरी सुरवंटही येतात, थोडीफार पानं फस्त करतात. मी ते काढत नाही. वेल त्यातून सहज सावरतो.

ड्रॅगन फ्रूटच्या बाबतीत माझं मत मुलांच्या बाजूचं आहे. चमचाभर गर बोटांनी चोळून गाळणीत धुतला की शे-दोनशे काळ्या बिया मिळतात. त्या ओल्या बारीक मातीवर नुसत्या पसरायच्या, पुरायच्या नाहीत, वर पारदर्शक झाकण ठेवायचं. आठ-पंधरा दिवसांत दोन-दोन जाडसर पानांची हिरवी गर्दी होते. ती पानं पाहून हे निवडुंग आहे असं कुणी म्हणणार नाही. मग काही दिवसांनी त्या दोन पानांच्या मधून केसाळ काट्यांचा इवलासा खांब डोकावतो. हे पाहताना मुलांचे डोळे जे मोठे होतात, त्यासाठी हा उद्योग करावा. फळांसाठी करू नये. बीच्या झाडाला चार-सहा वर्षं लागतात, आणि सांगली-सोलापूरकडचे शेतकरी सिमेंटच्या खांबांवर जे वेल चढवतात ते छाटापासून केलेले असतात, ते दीड-दोन वर्षांत फळावर येतात. २०२१मध्ये गुजरात सरकारनं या फळाला 'कमलम' असं नाव दिलं. त्याचं मूळ मात्र मध्य अमेरिकेत आणि मेक्सिकोत. फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. कुणाच्या गच्चीवर उमलणार असेल तर एक रात्र जागायला हरकत नाही.

सगळ्यात लवकर फळ देणारी पपई. तिला आज कुणी परदेशी म्हणत नाही, पण पेरू, अननस, काजू, चिकू यांच्यासारखीच तीही अमेरिका खंडातून आलेली, आणि यांतली कित्येक पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली. बीभोवतीचं जेलीसारखं आवरण राखेत किंवा वाळूत चोळून काढा. एका ड्रममध्ये तीन रोपं लावा आणि फुलं येईपर्यंत तिन्ही वाढू द्या. नर निघेल ते उपटा. बाजारातली लाल गराची पपई बहुधा संकरित वाणाची असते, तिच्या बियांतून पुढच्या पिढीत लहान-मोठी, गोड-फिकी अशी सरमिसळ येते. पण वर्षाच्या आत निकाल हातात येतो, आणि चूक झाली तर पुन्हा पेरता येतं.

किवीनं मला तीन वर्षं दमवलं, आणि तरी तिच्याबद्दल राग नाही. तिचा इतिहासच इतका सुंदर आहे. न्यूझीलंडमधल्या वांगानुई इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर चीनमधल्या यिचांगला आपल्या बहिणीकडं गेल्या होत्या. १९०४मध्ये परतताना त्यांनी तिथल्या या रानफळाच्या थोड्या बिया आणल्या. त्या अ‍ॅलिसन नावाच्या शेतकऱ्याकडं पोचल्या, पेरल्या गेल्या आणि १९१०च्या सुमारास वेलांना फळं आली. पुढं हेवर्ड राइट या रोपवाटिकाकारानं त्याच वंशातून जी मोठी, टिकाऊ जात निवडली, ती आज दुकानात मिळणारी हिरवी किवी. फळाला किवी हे नावही नंतरचं, १९५९मधलं. त्याआधी ते चायनीज गूजबेरी होतं. न्यूझीलंडचा हिरव्या किवीचा हा सगळा व्यवसाय त्या चिमूटभर बियांतून उभा राहिला.

पण हवामानाला हा इतिहास ठाऊक नसतो. किवीच्या बीला जागं व्हायलाच थंडी लागते. ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावी लागते. रामबुतानच्या बीला मारणारा फ्रिज इथं तिला उठवतो, कारण एक कायम उबदार जंगलातली आणि दुसरी हिवाळ्यानंतरच्या वसंताची वाट पाहणारी. वेल मोठा झाल्यावरही फुलं येण्यासाठी दर हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास हवेत. ते हिमाचलात आणि अरुणाचलात मिळतात, पुण्यात नाहीत. शिवाय नर आणि मादी वेल वेगळे. सफरचंद, चेरी, पीच यांच्या बियांचंही बरंचसं असंच. महाराष्ट्रात किवी बीपासून लावायची तर पानांसाठी लावावी, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

खजुराची गोष्ट याच्या बरोबर उलट. त्याची बी वाळवण सोसते, आणि किती सोसते याला सीमा नाही. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक बी २००५मध्ये पेरली आणि ती उगवली. तो नर निघाला. नंतर तशाच प्राचीन बियांतून एक मादी झाड मिळालं, पहिल्याचा पराग तिला दिला आणि २०२०मध्ये तिला खजूर लागले. आपल्या वाणसामानातल्या खजुराच्या बीला इतकी वाट पाहावी लागत नाही, कोमट ओल्या मातीत काही आठवड्यांत ती रुजते. बीमधून आधी एक पांढरी नळी खाली उतरते आणि पान त्या नळीतून, बीपासून अंतरावर, वर येतं. फळांबद्दल मात्र कच्छकडं पाहावं. तिथल्या खारकेच्या जुन्या बागा बहुतांशी बियांपासूनच झालेल्या, म्हणून दर झाडाची चव वेगळी. आणि पूर्ण पिकायच्या आत पाऊस येतो म्हणून ती फळं पिवळी-लाल, करकरीत असतानाच उतरवतात. जूनअखेर-जुलैत आपल्या हातगाड्यांवर दिसणारे ते घोस त्यांचेच.

परदेशातल्या मराठी घरांशीही एक गोष्ट बोलायला हवी. तिकडच्या बाजारात मिळालेल्या फळाच्या बिया बॅगेत घालून भारतात आणू नका. १९१४चा विध्वंसक कीटक व रोग कायदा आणि त्याखालचा २००३चा वनस्पती विलगीकरण आदेश यांनुसार पेरणीसाठीचं बियाणं आणायला परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ही कागदी अडवणूक नाही. मूळच्या मेक्सिको भागातला पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८मध्ये कोइमतूरला आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या पपईपर्यंत पोचला. तो आटोक्यात यावा म्हणून २०१०मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या मुद्दाम आणून सोडाव्या लागल्या. इथल्या दुकानात आलेलं फळ तपासणीतून आलेलं असतं. आपल्याला पेरायला तेवढं भांडवल भरपूर आहे.

सुरुवात करणाऱ्यांनी यंदा पॅशन फ्रूटची दोन वेगवेगळी फळं आणावीत, जूनच्या पहिल्या सरींबरोबर त्यांच्या बिया पेराव्यात आणि जोडीला धीर असेल तर एक अ‍ॅव्होकॅडो. पेराल त्या दिवशीच कुंडीवर पाटी लावा: कोणतं फळ, कुठून आणलं, कोणत्या तारखेला पेरलं. कच्च्या शाईनं लिहू नका, ऊन-पावसात ती वर्षभरही टिकत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं कोरून ठेवा. आठ-दहा वर्षांनी त्या झाडाला फळ येईल आणि ते चांगलं निघेल, तेव्हा कलमासाठी काडी मागायला येणारा माणूस सगळ्यात आधी हेच विचारेल.